भिंतीतली हवा

कॉम्प्रेसर विकणारा पंक्चरवाला पहिली दहा मिनिटं फक्त आमच्या ह्यांच्याशीच बोलत होता. मोटर किती ताकदीची, टाकी किती लिटरची, पट्टा कधी बदलला, सगळं ह्यांना सांगून झालं. आमचे हे शाळेच्या कचेरीत लेखनिक होते, आता निवृत्त आहेत. स्वतःच्या सायकलीत हवा भरायचीसुद्धा त्यांना दुसरा माणूस लागतो. ते आपले प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. शेवटी मी त्या दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले.

"टाकी रिकामी करून सुरू करा," मी म्हणाले. "दाबाचा दाबाचा काटा वरपर्यंत जायला किती वेळ लागतो ते बघायचंय मला."

पंक्चरवाला ह्यांच्याकडे बघून हसला. "वहिनींना बरीच माहिती दिसते."

"तिलाच विचारा," हे म्हणाले. "मी फक्त ढकलायला आलोय."

त्याने बटण दाबलं. पत्र्यावर कोणी हातोडे मारावेत तसं ते यंत्र धडधडायला लागलं. मी घड्याळ लावून काटा पाहिला. मोटर आपोआप बंद झाली तेव्हा कान लावून हवा कुठे सुटते का ते ऐकलं. सेफ्टी वॉल्व्हची कडी ओढून बघितली, तर फुस्स करून हवा तोंडावर आली. तोवर पंक्चरवाल्याचं हसणं कमी झालं होतं.

"कोणाला पाहिजे हे?" त्याने पहिल्यांदा मला विचारलं.

"मला. स्प्रे मारायला."

"तुम्ही मारणार?"

"नाही, शेजारच्या मांजरीकडून मारून घेणार आहे."

यंत्राला रोज काय करावं लागतं असं मी विचारलं, तेव्हा म्हणाला, "काही नाही हो. अकरा वर्षं मी नुसतं बटण दाबतोय. वर्षातून एकदा ऑइल." तो खोटं बोलत नव्हता. त्याने अकरा वर्षं खरोखरच दुसरं काही केलं नव्हतं. टायरमध्ये कसली हवा जाते याच्याशी टायरला काही घेणंदेणं नसतं, ही गोष्ट त्या वेळी माझ्या डोक्यात आली नाही.

मला लोक रागीट म्हणतात. आहेच मी रागीट. पण तो कॉम्प्रेसर मी रागाच्या भरात घेतला असं जे आमच्या घरात बोललं गेलं, ते अर्धंच खरं आहे.

सव्वीस वर्षं मी फर्निचरच्या कारखान्यात रंगखात्यात होते. कपाटांची दारं, टेबलांच्या फळ्या नि खण, पाळण्यांचे कठडे, सगळ्यांवर शेवटचा हात माझा. स्प्रे गन कामाला एक वीत अंतरावर धरायची, कडेच्या आधी दाबायची, कड ओलांडल्यावर सोडायची, आणि आधीच्या पट्ट्यावर पुढचा पट्टा अर्धा चढवायचा. ऐकायला एवढंच आहे. पण पांढरा चकचकीत रंग दारावर असा बसला पाहिजे की खिडकी त्यात सरळ दिसली पाहिजे. माझ्या दारांत दिसायची. नवीन पोरी लागल्या की फोरमन त्यांना माझ्या मागे उभं करायचा आणि म्हणायचा, "बाईंचा हात बघा, तोंड बघू नका."

मग शेवटच्या वर्षी डाग यायला लागले. बारीक, गोल, मधे खड्डा असलेले. सुरुवातीला एखाद्या दारावर दोन-तीन, मग दहा दारांत चार दारं परत. मी गन तीन वेळा खोलून धुतली, थिनर बदलला, फडकी बदलली. डाग येतच राहिले. एके दिवशी फोरमनने तीन दारं भिंतीला टेकवून ठेवली, सगळ्या खात्याला बोलावलं, आणि दहा जणांसमोर मला म्हणाला, "बाई, तुमचा हात आता थरथरतो. वय आहे, यात कमीपणा काही नाही. उद्यापासून पॅकिंगला बसा."

कमीपणा काही नाही असं कोणी म्हटलं की समजावं, आपल्याला किती खाली बसवलं आहे.

पॅकिंगमध्ये मी तीन आठवडे खोक्यांना चिकटपट्टी लावली. चौथ्या आठवड्यात चिकटपट्टीचं रीळ फोरमनच्या टेबलावर ठेवून घरी निघून आले. ठेवून म्हणतेय, तो फेकून म्हणतो. त्यानंतर महिन्याभराने पॅकिंगमधली एक बाई बाजारात भेटली. तिने सहज सांगितलं, की तुम्ही गेल्यापासून डाग एकदम बंद झालेत. तिच्या मनात काही नव्हतं. पण मी त्या दिवशी भाजी न घेताच परत आले. मी गेले आणि डाग गेले, म्हणजे आणखी पुरावा काय हवा होता कोणाला?

घरी मी काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला हातात धरून उभी राहायची. एक थेंब सांडायचा नाही. तरी माझा विश्वास बसायचा नाही. पेला वेगळा आणि गन वेगळी. सव्वीस वर्षं ज्या हातावर माझं नाव चाललं, तो हात माझाच राहिला आहे का नाही, एवढं मला कळायला हवं होतं. बाकी लोक काय म्हणतात ते मी बघून घेतलं असतं. पण गन घ्यायची तर हवा लागते, आणि आमच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत हवा फक्त खिडकीतून यायची.

म्हणून कॉम्प्रेसर.

"दादाला विचारू या का?" घरी येताना टेम्पोत ह्यांनी हळूच विषय काढला. "तीस वर्षं तो कारखान्यात हवेच्या खोलीत होता. त्याला यातलं सगळं येतं."

"म्हणूनच नको."

दादा म्हणजे माझे थोरले दीर. आमच्याच गल्लीत, दोन घरं सोडून राहतात. मी ज्या कारखान्यात रंग मारायचे तिथेच ते कॉम्प्रेसरची खोली सांभाळायचे. त्यांची खोली भिंतीच्या पलीकडे, मी अलीकडे. मला पॅकिंगला बसवलं त्याच महिन्याच्या शेवटी ते निवृत्त झाले. कारखान्याने त्यांना भिंतीवरचं मोठं घड्याळ दिलं आणि मॅनेजर भाषणात म्हणाला, की तीस वर्षांत या माणसाविरुद्ध एक तक्रार नाही. घरी आल्यावर भावजींनी सगळ्यांसमोर मला समजावलं होतं, "वेळेवर गन खाली ठेवावी. मी बघ, कसा मानाने बाहेर पडलो." हा माणूस माझ्या खोलीत येऊन मला बटण कुठलं आणि पट्टा कुठला हे शिकवणार होता? मी हातानेच हवा भरली असती त्यापेक्षा.

मी आणि ह्यांनी मिळून कॉम्प्रेसर बसवला. जुन्या टायरचे चार तुकडे कापून पायांखाली दिले, म्हणजे जमीन हादरत नाही. वायरमनने स्वतंत्र लाइन ओढून दिली. पट्टा नवीन घातला. अंगठ्याने दाबला की अर्धं बोट आत जाईल एवढा ताणला. ऑइल काळं डांबर झालं होतं. ते काढून नवीन भरलं, काचेवरच्या लाल ठिपक्यापर्यंत. ह्यांनी सुवाच्य अक्षरात तारीख लिहून कागद भिंतीला चिकटवला. सगळ्या जोडांवर पांढरी टेप गुंडाळून साबणाचं पाणी लावलं आणि कुठे बुडबुडा येतो का ते दोघांनी गुडघ्यांवर बसून बघितलं. आमच्या लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण एकाच कामावर आम्ही दोघं इतका वेळ पहिल्यांदाच वाकलो असू.

एवढं झाल्यावर कोणीही शहाणा माणूस काम सुरू करतो. मी नाही केलं. कारण ते यंत्र दिसायला भिकार होतं. तेलाचे थर, गंजाचे पोपडे, कुठल्या तरी निवडणुकीची अर्धी पत्रकं. रंगवालीच्या खोलीत असलं ध्यान मला बघवेना. मी टाकी तारेच्या ब्रशने घासली, पॉलिश पेपर मारला, प्रायमर दिला, आणि ब्रशनेच आकाशी रंगाचे दोन हात मारले. टाकीच्या पोटाखाली हात घालून तिथेसुद्धा मारले. तिथे बोटाएवढं एक लोखंडी बोंडूक होतं, मातीने लिंपलेलं. एखादा जुना बोल्ट असेल म्हणून त्याच्यावरूनही ब्रश नीट फिरवला, फट राहू दिली नाही. दोन दिवस गेले त्यात. पण यंत्र असं दिसायला लागलं की पंक्चरवाल्यानेही ओळखलं नसतं.

काम मिळालं होतं ते एका सुताराकडून. तो आधी कारखान्यालाच माल पुरवायचा. आता स्वतःचं काम करतो. एका दाताच्या डॉक्टरांकडे दहा पांढरी दारं लावायची होती. "ताई, एक दार नमुना म्हणून देतो," तो म्हणाला. "शनिवारी दुपारी येईन. दार नीट असलं तर उरलेली नऊ तुमची, आणि यापुढचंही काम तुमचंच. नाहीतर मला कारखान्यातच द्यावं लागेल." कारखान्यातला हाताचा किस्सा त्याच्याही कानावर गेला होता. तो तोंडाने बोलला नाही, पण एकच दार सोडून गेला, त्यातच सगळं आलं.

गुरुवारी मी जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवली, दार आडवं ठेवलं, गन हातात घेतली. आठ महिन्यांनी. तिचं वजन बोटांना आठवत होतं. मी दाबलं, रंग सुटला, पट्ट्यावर पट्टा चढत गेला, आणि मी काय सांगू, मला रडायलाच आलं. हात फिरत होता, अगदी पूर्वीसारखा फिरत होता. सगळं दार मारून मी मागे सरले आणि वाट बघत उभी राहिले.

दहाव्या मिनिटाला पहिला डाग उघडला. बारीक, गोल, मधे खड्डा. मग दुसरा. मग मोजण्यात अर्थ राहिला नाही.

मी दार घासलं, शुक्रवारी सकाळी पुन्हा मारलं. पुन्हा तेच. गन खोलली, धुतली, पुन्हा मारलं. तेच डाग, तेच तोंड. कारखान्यातून माझा पत्ता शोधत माझ्यामागे घरी आल्यासारखे. म्हणजे फोरमन खरं बोलला होता. जागा बदलली, गन बदलली, रंग बदलला; बदलला नव्हता तो फक्त माझा हात.

त्या संध्याकाळी भावजी आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. पण गल्लीत कोणाकडे काय बिघडलं हे त्यांना वासानेच कळतं. ह्यांनी खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. रंगवलेल्या दारापाशी गेले, एका डागावरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं. मग कॉम्प्रेसरभोवती एक फेरी मारली. गुडघ्यांवर हात ठेवून कण्हत खाली वाकले आणि टाकीच्या पोटाकडे बराच वेळ पाहत राहिले. मग सरळ झाले.

"रंग छान लावलायस मशीनला," ते म्हणाले.

मी गन पुसायला घेतली.

"मनाला लावून घेऊ नकोस. हात गेला की असंच होतं. माणसाने ओळखावं." मग ह्यांच्याकडे वळून, "धाकट्या, समजाव तिला. हे यंत्र विकून टाका. गिऱ्हाईक मी बघतो."

ते गेल्यावर मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "दादाला अनुभव आहे गं." एवढंच म्हणाले. पण मला कळलं की ह्यांनीही मनातून मान्य केलं आहे. भावजींच्या बोलण्याने मला राग आला होता, ह्यांच्या बोलण्याने मला एकटं वाटलं. जेवणावरून उठून मी लवकर झोपले.

शनिवारी सकाळी जाग आली ती रागानेच. पण या वेळी राग कोणा माणसावर नव्हता, प्रश्नावर होता. हात गेला, हात गेला. सगळे म्हणतात, पण हात नसता तर काय झालं असतं, हे कोणी बघितलंय? मी उठले ती तडक मागच्या खोलीत गेले. गनचं रंगाचं भांडं काढून टाकलं. गन स्टुलाच्या पायाला सुतळीने करकचून बांधली. समोर कपाटाचा जुना आरसा टेकवला. कॉम्प्रेसर भरला आणि गनचा घोडा दाबून त्यालाही सुतळीची गाठ मारली. मग दोन पावलं मागे जाऊन उभी राहिले.

नुसती हवा आरशावर जात होती. थोडा वेळ काही नाही. मग आरशावर एक थेंब आला. मग तीन-चार एकदम, पिचकारीतून आल्यासारखे. बारीक, गोल. माझा हात तेव्हा माझ्या कमरेवर होता.

मी अशी ओरडले की हे दाढीचा साबण लावलेल्या तोंडाने धावत आले. "काय झालं? शॉक बसला?"

"पाणी आहे," मी म्हणाले. "हवेत पाणी आहे. हात नाहीये, पाणी आहे."

ह्यांना काही कळलं नाही. मी त्यांना टाकीची दुसरी बाजू धरायला लावली आणि दोघांनी मिळून ती जरा हलवली. आत डचमळलं. भरलेल्या घागरीसारखं डचमळलं. अकरा वर्षं पंक्चरवाल्याने नुसतं बटण दाबलं होतं; दाबलेल्या हवेतलं पाणी टाकीच्या तळाशी साचत गेलं होतं, आणि ते बाहेर काढायला यंत्र बनवणाऱ्याने काही तरी ठेवलं असणारच होतं. मी जमिनीवर पालथी झोपून टाकीच्या पोटाखाली पाहिलं. ते बोंडूक. माझ्याच हाताने, फट न ठेवता, आकाशी रंगाचे दोन हात दिलेलं. मी आधी कडी ओढून टाकीतली बहुतेक हवा सोडली. मग चाकूने रंग खरवडला, खालची माती काढली. आत नळाला असते तशी एक छोटी चावी निघाली. पक्कड लावून ती फिरवली तर तपकिरी, घाण वासाचं पाणी भसाभस सुटलं. बादली भरली. ह्यांनी दुसरी आणली, तीही अर्धी झाली. ते बादलीत बघत होते आणि साबण त्यांच्या गालावर वाळत चालला होता.

"मी काल तसं बोलायला नको होतं," ते म्हणाले.

"नकोच होतं," मी म्हणाले. "दार घासायला बसा आता, बारीक पेपर घ्या."

टाकी कोरडी होईपर्यंत दोन वेळा भरून सोडली. आरशावर हवा मारली. आरसा स्वच्छ राहिला. मग दार मारलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. पत्र्याच्या खोलीची खिडकी दारात सरळ दिसत होती, गजांसकट.

आनंद तर झालाच. पण मी जिथे बसले होते तिथेच बसून राहिले, कारण डोक्यात एकामागून एक गोष्टी जागेवर बसायला लागल्या होत्या. कारखान्यात हवा भिंतीतून यायची. नळी खोचायची की हवा हजर. सव्वीस वर्षांत मी एकदाही विचारलं नाही की ही कोरडी हवा कोण पाठवतं. भिंतीच्या पलीकडे कोणी तरी रोज ती चावी फिरवत असणार, म्हणून माझी दारं चकचकीत होती. आणि शेवटच्या वर्षी ती कोणी फिरवली नसणार. मी गेल्यावर डाग बंद झाले म्हणतात. पण त्याच महिन्यात पलीकडचा माणूसही बदलला होता. आणि काल संध्याकाळी तोच माणूस माझ्या दारावर बोट फिरवून, यंत्राखाली वाकून, रंगाखाली गाडलेली चावी डोळ्यांनी पाहून, मला हात गेला म्हणून सांगून गेला होता.

"तुमच्या दादांना बोलावून आणा," मी ह्यांना म्हणाले.

भावजी आले तेव्हा सुतारही नुकताच आला होता. त्याने दार उजेडाला तिरपं धरून पाहिलं, पालथ्या हाताने चाचपलं, आणि बोलण्यात वेळ न घालवता टेम्पोतून उरलेली नऊ दारं उतरवायला लागला. भावजींनी दार पाहिलं, बादल्या पाहिल्या, आणि मग खुर्ची दिलेली नसताना बसले.

"भावजी," मी म्हणाले, "काल खाली वाकून काय बघितलंत?"

"काय बघणार. मशीन."

"पाणी काढायची चावी रंगाखाली गेली होती. तुम्हाला दिसली नाही? तीस वर्षं हेच काम केलंत."

"वयानुसार नजर जरा..."

"नजर गेली तुमची? की माझा हात गेला तशीच गेली?"

हे मधे बोलले नाहीत. नेहमी बोलतात, 'जाऊ दे' म्हणतात. या वेळी ते माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. भावजींनी ते बघितलं. मला वाटतं, माझ्या बोलण्यापेक्षा त्यांना तेच जास्त लागलं.

"कारखान्यातली टाकी मोठी," ते म्हणाले. "तिची चावी खाली खड्ड्यात. आठ पायऱ्या. रोज सकाळी उतरायचं. गुडघे राहिले नव्हते माझे. आधी एक दिवसाआड करायला लागलो, मग आठवड्याने. शेवटी शेवटी नाहीच. तुझी जागा हवेच्या लाइनच्या टोकाला होती. पाणी वाहत यायचं ते तिथेच यायचं."

"आणि डाग आले तेव्हा कळलं तुम्हाला."

"पहिल्याच दिवशी कळलं."

"एक शब्द बोलला असतात तर?"

"तीन महिने राहिले होते माझे. तीस वर्षं एक तक्रार नाही, आणि शेवटच्या तीन महिन्यांत... मला वाटलं, तुला पॅकिंगमध्ये बरंच आहे. बसून काम. सावलीत."

हे त्यांनी खरंच मनापासून म्हटलं, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त चीड आली. त्यांनी माझं नाव घालवलं होतं आणि वर मला बसायला सावली दिली म्हणून स्वतःची समजूत घातली होती.

"गुडघे दुखतात म्हणाला असतात तर मी स्वतः रोज आठ पायऱ्या उतरले असते," मी म्हणाले. "हसत उतरले असते. काल तरी सांगायचंत. काल कोणता निरोप समारंभ होता तुमचा?"

काल सांगितलं असतं तर पाण्याचा धागा मागे कुठपर्यंत जातो ते मला कळलं असतं, हे ते कसं बोलणार? ते उठायला लागले. "झालं ते झालं. मी थोरला आहे, माझी चूक झाली म्हणतो. झालं समाधान?"

"नाही झालं. मला काय सांगता? मला आता ठाऊक आहे. फोरमनला सांगा."

"सोमवारी जाऊन..."

"आत्ता. फोन आहे खिशात. आणि सगळ्यांना ऐकू येईल असा लावा. मला दहा जणांसमोर सांगितलं होतं, इथे आपण चौघंच आहोत. सूटच देतेय तुम्हाला."

त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "लाव दादा."

भावजींनी फोन लावला. त्यांचा अंगठा दोनदा चुकला. फोरमनचा आवाज आला, आधी चौकशा, तब्येत कशी, घड्याळ चालतंय ना. मग भावजी बोलले. तुटक-तुटक बोलले, पण बोलले. चावी, खड्डा, गुडघे, लाइनचं टोक. शेवटी म्हणाले, "बाईंचा हात चांगला होता. डाग माझे होते." सुतार एक दार हातात तसंच धरून थांबला होता.

पलीकडे फोरमन खाकरला. "असं होय. तरीच नवीन माणूस आल्यापासून... बरं, ऐका. बाई तिथे आहेत का? त्यांच्या जागी दोन माणसं लावून बघितली मी, चकचकीत काम कोणालाच जमत नाहीये. त्यांना म्हणावं, झालं गेलं विसरा. सोमवारपासून परत गनवर या. दहा जणांसमोर मी स्वतः..."

भावजींनी फोन माझ्यापुढे केला. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी होतं, जणू माझी नोकरी त्यांनीच मला परत मिळवून दिली. हेही माझ्याकडे बघत होते. सुतार तर माझ्या तोंडाकडे बघायचं टाळत होता; त्याची नऊ दारं अजून अर्धी टेम्पोत होती.

आठ महिने मी हीच वाक्यं मनात फोरमनच्या तोंडी घालून ऐकली होती, आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात परत गेले होते. आता ती खरोखर ऐकली आणि मला एवढंच वाटलं, की पुन्हा एका भिंतीपुढे उभं राहून पलीकडे कोण काय करतंय यावर माझ्या हाताचं नाव ठरू द्यायचं? मला नाही जमणार.

"दुसरं दार इकडे ठेवा," मी सुताराला म्हणाले. "पहिलं त्या भिंतीला, धूळ लागू देऊ नका."

"बाई?" फोनमधून फोरमन म्हणत होता. "हॅलो? काय म्हणतायत त्या?"

मी वाकून चावी बंद आहे ना ते बघितलं आणि कॉम्प्रेसरचं बटण दाबलं. तो सुरू झाला की त्या खोलीत दुसऱ्या कोणाचं काही ऐकू येत नाही. भावजी फोन हातात धरून काहीतरी विचारत होते, त्यांचे ओठ हलताना दिसत होते. काटा वर चढला तशी मी गन उचलली.